लाल बाहीला घरचा टाका

३ नोव्हेंबर

पेटी उघडली! इतकी वर्षं पलंगाखाली ढकललेली काळी पेटी आज ह्यांनी स्वतः ओढून काढली आणि वर मलाच ओरडले, "किल्ली कुठे ठेवलीस?" किल्ली त्यांच्याच गळ्यात, चष्म्याच्या दोरीला! मी नुसतं बोट दाखवलं.

पलटणीचं बोलावणं आलंय. जुनी बरॅक पाडणार आहेत. त्याआधी जुन्या माणसांनी एकदा यायचं, आपापला कोट घालून मैदानात उभं राहायचं, बायकामुलांनी खुर्च्यांवर बसून बघायचं. हे सकाळपासून हवेत आहेत. एका दिवसात दोनदा दाढी केली!

कोट बाहेर काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर. बटणं काळी पडलीत, कापड मात्र होतं तसंच. आणि डाव्या बाहीवर त्या पाच तिरक्या पट्ट्या. लाल. विटून विटकरी झाल्यात, पण लाल ते लालच.

इतकी वर्षं झाली, तरी बघितल्याबरोबर मी बाही आत दुमडली.

४ नोव्हेंबर

धाकटीचा फोन होता. नात मध्येच तोंड घालून म्हणाली, "आजी, आजोबांच्या हातावर लाल रेघा कसल्या?" काय सांगणार! "शोभेच्या," म्हटलं.

शोभेच्या कसल्या! दर चार वर्षांच्या नोकरीला एक पट्टी. नावावर एकही शिक्षा नसेल तर सोनेरी. एकदा जरी शिक्षा चढली की असतील नसतील त्या सगळ्या लाल. मग बारा वर्षं सलग नाकासमोर चालून दाखवलं, तर सगळ्या एकदम सोनेरी व्हायच्या. मैलभरावरून माणसाचं पाप-पुण्य दिसायचं. नाव नंतर विचारायचे, आधी बाही बघायचे.

आणि आमच्या पलटणीची रीतच वेगळी. लाल पट्टी पलटणीचा शिंपी शिवायचा. सोनेरी मात्र घरच्या माणसानं शिवायची. बायकोनं नाहीतर आईनं. त्या दिवशी लायनीतल्या, म्हणजे पलटणीच्या चाळीतल्या, सगळ्या बायकांना चहाला बोलवायचं, प्रत्येकीनं एकेक टाका घालायचा. "टाक्याला या हं!" असं दारोदार सांगत फिरायचं. मी किती जणींकडे जाऊन टाके घातले असतील, देव जाणे. बोटाला सुई टोचली तरी हसायचं.

माझ्याकडे टाक्याला कधी कुणी आलं नाही.

६ नोव्हेंबर

आज कोट उन्हात टाकला आणि लायनीतलं अंगण डोळ्यांसमोर उभं राहिलं. एका दोरीला सगळ्यांचे कोट. सोनेरीवाल्यांच्या बायका मुद्दाम डावी बाही रस्त्याकडे करून टाकायच्या. ऊन पडलं की पट्ट्या कशा चमकायच्या! मी आमचा कोट उलटा करून टाकायची. अस्तर बाहेर. शेजारीण म्हणायची, "उलटा का गं टाकतेस?" मी म्हणायची, "रंग उडतो." रंग उडला असता तर बरंच झालं असतं!

नळावरही तेच. नियम कुणी केला नव्हता, पण सोनेरीवालीची बादली आपोआप पुढे सरकायची. मला राग यायचा. आणि तरी — खरं सांगायचं तर — आज तो नळ, ती भांडणं, ते ओले पाय, सगळं परत हवंसं वाटतं. कंबर धरते आता, पण त्या रांगेत दोन तास उभी राहीन.

ह्यांना म्हटलं, "अहो, आता सोनेरी लावू या का? कोण बघतंय? निम्मे वर गेले, उरलेल्यांना मोतीबिंदू."

हे बटण घासत होते. वर न बघता म्हणाले, "मिशाळ आठवतो ना?"

आठवतो. न आठवायला काय झालं! नोकरी संपल्यावर कुणाच्या तरी लग्नात सोनेरी पट्ट्या लावून आला होता. होत्या लाल. कुणी एक शब्द बोललं नाही. नुसत्या सगळ्यांनी त्याच्याकडे पाठी केल्या. एकेक करत, अख्ख्या मांडवानं. तो बिचारा भरलेलं ताट हातात घेऊन उभा! त्यानंतर आयुष्यात त्याला कुणी हाक मारली नाही. आमच्यातली हीच सगळ्यात मोठी शिक्षा. लाल असलेलं चालायचं, खोटं सोनेरी चालायचं नाही.

"ते दिवस गेले," म्हटलं.

"माणसं तीच आहेत," हे म्हणाले, आणि पुढचं बटण घेतलं.

७ नोव्हेंबर

पहिल्या लालचं मला कधी वाईट वाटलं नाही. ती माझ्यामुळेच लागली!

लग्नाची रजा. हे मला सायकल शिकवत होते. नदीकडच्या उताराला मागून सीट धरून धावायचे, मी किंचाळायची. रजा संपली तेव्हा मला नुसता तोल सांभाळता यायचा, वळता येत नव्हतं. मी म्हटलं, "अर्धवट टाकून जाणार?" हे म्हणाले, "नाही जाणार." वळायला शिकले, मग ब्रेक लावायला शिकले, मग एकटी पुलापर्यंत जाऊन आले. आणि मग हे गेले. आठवडाभर उशिरा!

जाताच शिक्षा. पहिली पट्टी पडली तीच लाल. पलटणीत सगळे चिडवायचे, "ही वहिनींची पट्टी!" मी लायनीत राहायला गेले तर सगळ्यांनी मला बघायला गर्दी केली. कोण ती, जिच्यासाठी गडी शिक्षा खाऊन बसला! मी तोऱ्यात होते. खोटं कशाला बोलू?

ह्यांना आज विचारलं, "आठवतं का?" म्हणाले, "गुडघ्याला विचार. तेव्हापासून दुखतोय."

९ नोव्हेंबर

दुसऱ्या वेळचं मात्र विसरले नाही, आणि माफही केलं नाही.

बारावं वर्ष चालू होतं. सरतच आलं होतं. मी सोनेरी फीत आणून ठेवली होती. कोठीवाल्याच्या बायकोनं शहरातून आणून दिली होती. कोठीवाला म्हणजे पलटणीला बूट, कपडे, ब्लँकेटं देणारा. बाई फार गोड. तिची दोन्ही मुलं दिवसभर आमच्याच घरात. मी सगळ्या लायनीला सांगून बसले होते, "टाक्याला यायचं हं!" कपसुद्धा मागून आणले होते, डझनभर.

आणि पलटण बर्फातल्या ठाण्यांवर होती तिथून बातमी आली. ह्यांनी कोठीवाल्याला मारलं. त्याचा दात पाडला. परत शिक्षा, परत पहिल्यापासून बारा वर्षं. तेवढी नोकरीच उरली नव्हती.

हे घरी आले तेव्हा शिंप्यानं जुन्या विटलेल्या काढून ताज्या लाल पट्ट्या लावून दिलेल्या होत्या. मी विचारलं, "का मारलंत?" म्हणाले, "मारायचं नव्हतं, चूक झाली." बस. एवढंच! मी रडले, भांडले, महिनाभर अबोला धरला. ह्यांच्या तोंडाला कुलूप ते कुलूप. मी कप धुऊन ज्याचे त्याला परत केले. एकेक दार ठोठावून. कुणी काही विचारलं नाही, तेच जास्त लागलं.

बारा वर्षं कळ काढायची आणि दाराशी आल्यावर लाथ मारायची! कशासाठी? आजतागायत सांगितलेलं नाही ह्यांनी.

१० नोव्हेंबर

ती फीत अजून माझ्या बिस्किटांच्या डब्यात आहे. आज काढून पाहिली. एक धागाही काळा पडलेला नाही.

१२ नोव्हेंबर

लावली!

हे दवाखान्यात गुडघा दाखवायला गेले होते. मी दार लावून बसले. लाल पट्ट्या उसवल्या, तशाच कचऱ्याच्या गाडीत टाकून आले. कच खायला जागाच ठेवली नाही. मग सोनेरी लावल्या. पाच. चष्मा घामानं ओला. टाका बारीक घातला, तरुणपणी घालायची तसाच. लावून झाल्यावर कोट खुर्चीवर ठेवला आणि समोर बसून चहा प्यायले. एकटीच. टाक्याला मीच पाहुणी, मीच यजमानीण!

किती सुंदर दिसतो कोट! मला हुंदकाच आला.

कोट कव्हरात घालून चेन लावून कपाटात टांगला. "इस्त्री करून ठेवलाय, हात लावू नका," असं बजावलंय. मेळाव्याच्या सकाळी निघायच्या घाईत काढीन. मग काय करतील? सदऱ्यावर थोडेच जाणार आहेत! पाठ फिरवणारे आता उरलेत कुठे? आणि एकदा — एकदाच — मला ह्यांना तसं बघायचंय.

१५ नोव्हेंबर

हे दोन दिवस गप्प गप्प आहेत. जेवण अर्धं टाकतात. गुडघ्याचं काही वाढलं का विचारलं, तर नाही म्हणतात.

संध्याकाळी एकदम म्हणाले, "मेळाव्याला तू पहिल्या रांगेत बस हं. मला दिसशील अशी." म्हटलं, "का? मी काय झेंडा आहे?" हसले नाहीत. "बस म्हणतो ना," एवढंच. वयाचं असेल. या वयात माणूस हळवा होतो.

१६ नोव्हेंबर

आज पुन्हा तेच. "पहिल्या रांगेत. विसरू नकोस." अहो, विसरते कशाला!

१८ नोव्हेंबर

लिहायला हात उचलत नाहीये. तरी लिहिते.

पैलवान भावजी आले होते. ह्यांचे जिवलग. एकाच पलटणीत, एकाच खोलीत वर्षानुवर्षं. बायको गेल्यापासून एकटेच असतात. आले ते नेहमीसारखे एक पाय ओढत. डाव्या पायाची बोटं बर्फात गेली होती, कापावी लागली होती, एवढं मला ठाऊक होतं. हे दूध आणायला गेले होते. म्हटलं बसा, चहा टाकते.

गप्पा बाहीवर आल्या. भावजी म्हणाले, "वहिनी, कोट बघू तरी. नवरदेवाची तयारी झाली का?" मी म्हटलं, इस्त्री मोडेल. मग सहज, अगदी सहज, बोलून गेले, "तुमच्या मित्रानं त्या कोठीवाल्यावर हात उचलला नसता तर आज सोनेरी असत्या."

भावजींनी कप खाली ठेवला. "वहिनी, तुम्हाला खरंच ठाऊक नाही?"

"काय?"

"अहो, माझ्यासाठीच तर!"

मग सांगायला लागले. त्या हिवाळ्यात बर्फाचे नवे बूट आले होते. कोठीवाला आधी सोनेरी बाह्यांना द्यायचा. लालवाल्यांना जुने, तळ उकललेले. वरून हुकूम नव्हता, त्याचा स्वतःचाच कायदा. भावजी लाल, कँटीनची काच फोडल्याबद्दल. हेही तेव्हा लालच, पण आता महिन्यांचाच प्रश्न, म्हणून ह्यांना त्यानं गुपचूप नवे दिले होते. "तू आता आमच्यातलाच," म्हणून. ह्यांनी ते बूट भावजींना घालून बघितले, पण पैलवानाचा पाय! अर्धाच आत जायचा. हे रोज कोठीवर जाऊन मोठे बूट मागायचे. तो म्हणायचा, उद्या.

"माझी बोटं कापली त्या दिवशी हा परत गेला," भावजी म्हणाले. "आता तरी दे, म्हणाला. तो कोठीवाला म्हणतो, लाल बाहीला बोटं कशाला लागतात? बस! पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. साहेबांनी विचारलं, पश्चात्ताप होतो का? हा म्हणतो, होतो साहेब, एकच दात पडला."

आणि भावजी हसले. मला हसू येईना.

"दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बूट मिळाले, वहिनी. लाल-सोनेरी न बघता. आणि मेस आठवते? नाही, तुम्ही कुठून बघणार. दाराजवळचा बाक लालवाल्यांचा. सगळा वारा तिथे. हा नव्या लाल पट्ट्या लावून आला आणि बसला आपला त्या बाकावर, जणू काही झालंच नाही. मग एक सोनेरीवाला आपलं ताट घेऊन उठला आणि ह्याच्या शेजारी जाऊन बसला. मग दुसरा. मग तिसरा. त्या दिवशी बाकावर जागा पुरेना. नवीन पोरं तर त्यानंतर पहाऱ्याला जोडी म्हणून ह्यालाच मागायची. म्हणायची, लाल बाहीबरोबर असलं की भीती वाटत नाही."

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नळावर त्या बाईच्या झिंज्या उपटल्या असत्या!" भावजी म्हणाले. "मीच म्हटलं होतं त्याला, वहिनींना सांग. म्हणाला, तिची पोरं माझ्या घरात जेवतात. उद्या ती बंद होतील. त्यांचा काय दोष?"

उपटल्या असत्या. नक्की उपटल्या असत्या!

हे दूध घेऊन आले. दोघं मेळाव्याचं बोलत बसले. भावजी म्हणाले, "मी तुझ्या डाव्या बाजूला उभा राहणार. माझा मान आहे तो. त्या बाहीशेजारी." ह्यांनी मान खाली घातली.

मी आत कपाटाला पाठ लावून उभी. आत त्या बाहीवर सोनेरी फीत. तीसुद्धा कोठीवाल्याच्या घरातून आलेली!

१९ नोव्हेंबर

लाल पट्ट्या गेल्या. कचऱ्याची गाडी काय परत आणून देणार? पलटणीचा शिंपी कधीच वारला. बाजारात तीन दुकानं फिरले. एकाकडे गुलाबी, एकाकडे लिपस्टिकसारखा झगझगीत. तिसरा म्हणाला, "आजी, नातीच्या फ्रॉकला का?" म्हटलं, "नवऱ्याच्या शिक्षेला." बघतच राहिला.

मेळावा तीन दिवसांवर. मीच खड्डा खणला, मीच पडले. रडून काय होणार!

२० नोव्हेंबर

सुचलं! शेकायच्या पिशवीचं कव्हर!

ह्यांच्या गुडघ्यासाठी मीच शिवलेलं, लाल फ्लॅनेलचं. धुऊन धुऊन अगदी तसंच विटकरी झालंय. उलगडून मोजलं. पाच पट्ट्या निघाल्या, वर बोटभर चिंधी उरली.

हे वाचनालयात गेल्यावर सोनेरी उसवल्या. वाटलं होतं जड जाईल. मुळीच नाही. सर्रकन निघाल्या. मग लाल शिवायला बसले. आयुष्यभर ज्या शिंप्याच्या हातून लागल्या त्या आज माझ्या हातून. टाका बारीक. सोनेरीला घातला होता त्याहूनही बारीक. भावजींना बोलावून घेतलं, सगळं सांगितलं. आधी त्यांनी कपाळाला हात लावला, मग म्हणाले, "द्या इकडे सुई." एवढा पैलवान, सुईत दोरा ओवता येईना! मी ओवून दिला. त्यांनी एक टाका घातला. वाकडा, जाडाभरडा. तसाच राहू दिला.

मग दोघांनी चहा घेतला. टाक्याचा चहा!

२१ नोव्हेंबर

हे विचारतायत, गुडघा शेकायची पिशवी उघडी का? म्हटलं, कव्हर धुवायला टाकलंय.

२२ नोव्हेंबर

जाऊन आलो.

सकाळी मी कव्हराची चेन उघडली आणि कोट पुढे धरला. हे डोळे मिटून हात घालत होते, अगदी कडू औषध घेतल्यासारखे. मग डोळे उघडले. बाही बघितली. बघतच राहिले. बाहीवर बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला वाटलं, आता विचारणार हे फ्लॅनेल कुठून आलं. विचारलं नाही. नुसते हसले. एवढं मोठं हसू मी त्या सायकलच्या उतारानंतर पाहिलं नव्हतं. आणि मग दोन पोळ्या जास्त खाल्ल्या!

मैदान लहान झालंय. नाहीतर आपलेच डोळे मोठे झालेत. नळ अजून आहे. तोटी नाही, पण दगड तोच. लायनीच्या भिंती अर्ध्या पडल्यात. त्यावर बसून मी कुणाकुणाची वाट पाहिली होती! सगळं आठवून नुसतं भरून येत होतं.

मी पहिल्या रांगेत बसले, सांगितल्याप्रमाणे. जुनी माणसं उभी राहिली. काठ्या, ऐकायची यंत्रं, सुटलेली पोटं. एक फार म्हातारे सुभेदार चाकाच्या खुर्चीतून ओळीसमोरून फिरले. सोनेरी बाह्यांकडे बघत गेले, मान हलवत गेले. ह्यांच्यासमोर खुर्ची थांबवली. हात उचलून बाहीला लावला आणि म्हणाले, "अजून आहे का रे, आमचा बाक?" हे म्हणाले, "आहे साहेब. गुडघा तेवढा गेलाय." सगळी ओळ हसली. भावजी डाव्या बाजूला छाती काढून उभे, जणू बाही त्यांचीच!

माझ्या शेजारची बाई म्हणाली, "ते लाल पट्ट्यांचे तुमचे का?"

"आमचेच," म्हटलं. "मीच शिवल्यात."

२३ नोव्हेंबर

आज चहाच्या वेळी ह्यांनी सांगितलं. बारा तारखेनंतर एक-दोन दिवसांत बटण घट्ट करायला कव्हर उघडलं होतं. सोनेरी पाहिली होती. परत चेन लावून ठेवली.

म्हटलं, "म्हणजे — घालून जाणार होतात?"

"तू इतक्या हौसेनं शिवली होतीस."

"आणि सगळ्यांनी पाठ फिरवली असती तर? भावजींनी? त्या मिशाळाकडे फिरवली तशी?"

म्हणाले, "फिरवली असती. म्हणून तर तुला पहिल्या रांगेत बसवलं. तुझं तोंड तरी माझ्याकडे असतं ना."

दूध उतू गेलं. जाऊ दे.